ग्रुपवर मेसेज भरपूर, गप्पा मात्र नाहीत: काय करता येईल?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दहावीच्या बॅचचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, 46 जण. पहिले चार महिने रात्री बारा-एकपर्यंत गप्पा रंगायच्या. आता सकाळी सुविचार, दिवसभर फॉरवर्ड आणि मधूनमधून वाढदिवस, एवढंच उरलंय. निवडणुकीच्या दिवसांत दोघांचं वाजलं आणि त्यातला एक ग्रुप सोडून गेला. वर्गातल्या मुली पहिल्यापासूनच गप्प. तुम्ही अ‍ॅडमिन आहात आणि विचारताय, की फॉरवर्डवर सरसकट बंदी घालावी का.

घालू नका. निदान सुरुवात तिथून करू नका. बरीच वर्षं असे ग्रुप सांभाळल्यावर मला एक गोष्ट पक्की कळली आहे: फॉरवर्डमुळे गप्पा मरत नाहीत, गप्पा मेल्यावर त्या जागेत फॉरवर्ड उगवतात. रोज सकाळी सहाला सूर्योदयाचं चित्र टाकणारा माणूस खरं तर ‘मी इथे आहे’ एवढंच सांगत असतो. स्वतःच्या शब्दांत काय लिहावं ते त्याला सुचत नाही, किंवा पूर्वी लिहिलं होतं तेव्हा कुणी विचारलं नाही. त्याच्या हातातलं हे एकच साधन काढून घेतलं तर तो बोलू लागत नाही, गप्प होतो. आठवड्याभरात ग्रुप स्वच्छ होतो आणि सुनसानही.

खरी अडचण उत्तराची आहे. एखाद्याने आपल्या हाताने दोन ओळी लिहिल्या, त्यावर चार अंगठे आले आणि पुढे काहीच नाही. असं दोनदा झालं की तो तिसऱ्यांदा लिहीत नाही. चार महिन्यांत असे दहा-बारा जण गळाले की ग्रुप शांत झाला असं आपल्याला वाटतं. म्हणून ‘लोकांनी लिहावं कसं’ या प्रश्नात अडकू नका. लिहिणाऱ्याला उत्तर कोण देतं, किती वेळात आणि कसं, एवढ्यावर लक्ष द्या. बाकी सगळं त्यामागून येतं.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगतो. वर्गात 46 जण होते म्हणजे 46 मित्र होते असं नाही. एकेका बाकाचे, एकेका गल्लीचे, एकत्र सायकलने येणाऱ्यांचे सात-आठ घोळके होते, आणि काही जण कुठल्याच घोळक्यात नव्हते. ते अंतर आजही आहे. निम्मे लोक त्याच गावात राहत असतील तर गप्पांना गावातला विषय मिळतो; सगळे पांगलेले असतील तर विषय मुद्दाम शोधावा लागतो. पंचेचाळिशीच्या पुढच्या ग्रुपमध्ये कुणाच्या घरी आईवडिलांचं आजारपण, कुणाकडे मुलांची बारावी चालू असते. अशांच्या शांततेचा अर्थ नाराजी असा लावू नये. आणखी एक: पहिल्या चार महिन्यांचा तो वेग परत येणार नाही. तेव्हा पंचवीस-तीस वर्षांचा साठा मोकळा होत होता. कोण कुठे आहे, कुणाचं लग्न कधी झालं, कोणते सर वारले, हे एकदाच सांगायचं असतं. आता आठवड्यातून दोन-तीन चांगल्या गप्पा जमल्या तरी ग्रुप जिवंत आहे असं समजा. त्याहून जास्त मागितलंत तर निराश व्हाल आणि वैतागून नियम काढत बसाल.

पहिलं काम मोजणीचं. रविवारी अर्धा तास काढा, मागच्या 14 दिवसांचे मेसेज वर सरकवत पाहा आणि कागदावर तीन रकाने करा: आपल्या शब्दांत लिहिलेले मेसेज, त्यातल्या किती मेसेजना शब्दांत उत्तर मिळालं, आणि उत्तर न मिळालेल्यांची नावं. फॉरवर्ड, शुभेच्छा, नुसते अंगठे आणि हात जोडलेले मोजायचे नाहीत. मेसेज फार असतील तर ग्रुपच्या वरच्या तीन ठिपक्यांत ‘मोअर’मध्ये ‘एक्स्पोर्ट चॅट’ आहे. ‘विदाउट मीडिया’ निवडलं की सगळा मजकूर एका फाइलमध्ये मिळतो. ‘अ‍ॅडव्हान्स्ड चॅट प्रायव्हसी’ चालू असेल तर एक्स्पोर्ट होत नाही. ती फाइल स्वतःपुरती वापरा आणि मोजून झाली की काढून टाका, तिच्यात सगळ्यांचं बोलणं आहे. तिसऱ्या रकान्यातली पाच-सहा नावं हीच तुमची कामाची यादी. या लोकांनी प्रयत्न केलेला आहे. कधीच न बोललेल्या वीस जणांना जागं करण्यापेक्षा, बोलून गप्प झालेल्या सहांना परत आणणं कितीतरी सोपं असतं.

आता उत्तर कसं असावं ते जवळून पाहू. समजा शनिवारी संध्याकाळी कुणी लिहिलं:

‘आज खूप वर्षांनी लाल डब्यातून प्रवास केला. खिडकीची काच अजून तशीच अडकते.’

खाली आलं ‘मस्त’, ‘छान’, तीन अंगठे. संपलं. ‘मस्त’ हा शब्द दार लावून घेणारा आहे, त्याच्यावर समोरच्याने बोलायचं काय? आता हेच दुसऱ्या तऱ्हेने:

‘कुठली गाडी रे?’

‘चिपळूण-कराड.’

‘म्हणजे कुंभार्ली घाटातून! धुकं होतं का?’

‘वर गेल्यावर हात दिसेना. माझ्या शेजारच्या आजी डोळे मिटून जप करत होत्या.’

‘कोयनानगरला थांबली का?’

‘थांबली. भजी घेतली. कागद तोच, तेल सुटलेला.’

एवढं झालं की पाटणचा कुणीतरी आत येतोच, गाडी लागणारा आपली आठवण सांगतो, घाटात टायर फुटल्याची गोष्ट निघते. फरक केवढा आहे पाहा: उत्तर देणाऱ्याने मेसेजमधली एक वस्तू पकडली आणि तिच्याबद्दल एका ओळीत उत्तर देता येईल असं काहीतरी विचारलं. कौतुक केलं नाही, सल्ला दिला नाही, स्वतःचा मोठा अनुभव पुढे रेटला नाही. हे तीनही नंतर चालतात, पहिल्या उत्तरात नाही.

यामागे एक तांत्रिक कारणही आहे आणि ते फार कमी लोकांच्या लक्षात येतं. गप्प असलेल्यांपैकी बऱ्याच जणांनी ग्रुप ‘ऑलवेज’ म्यूट केलेला असतो, काहींनी आर्काइव्हमध्ये टाकलेला असतो. आर्काइव्ह केलेला ग्रुप नवे मेसेज आले तरी वर येत नाही, त्यामुळे ते दिवसेंदिवस उघडतही नाहीत. मात्र त्यांचा मेसेज उजवीकडे सरकवून, म्हणजे त्याला पकडून उत्तर दिलं किंवा अ‍ॅटचं चिन्ह टाइप करून त्यांचं नाव निवडलं, तर साधारणपणे सूचना त्यांच्यापर्यंत पोचते. म्हणजे ‘काय मंडळी, सगळे झोपलात का?’ ही हाक कुणालाच ऐकू जात नाही, आणि ‘अगं, तू त्या दिवशी आंबोलीचं सांगत होतीस ते अर्धंच राहिलं’ ही हाक नेमकी जाते. ‘मंडळी’ला उद्देशून विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यायची जबाबदारी कुणावरच नसते, नाव घेतलं की असते. पण रोज त्याच माणसाला हाक मारू नका, आणि मेसेज दाबून ‘इन्फो’ बघून ‘तू वाचलंस, मग उत्तर का नाही?’ असं तर कधीच विचारू नका. वाचून गप्प बसण्याची मुभा असेल तरच लोक वाचत राहतात.

हे काम एकट्याने करू नका. तीन जण आणखी गाठा, फोन करून, ग्रुपवर जाहीर न करता. निवडताना हजरजबाबी माणूस शोधू नका, दुसऱ्याचं नीट ऐकणारा शोधा. दोन पुरुष, दोन बायका, आणि शक्यतो वेगवेगळ्या घोळक्यांतले. चौघांनी ठरवायचं एवढंच: कुणीही स्वतःचं काही लिहिलं तर दोन तासांच्या आत आपल्यापैकी एकाने वरच्यासारखं उत्तर द्यायचं. चौघांनीही एकदम तुटून पडायचं नाही, नाहीतर ठरवून चाललंय हे लगेच दिसतं. एकाने विचारलं की बाकीच्यांनी वाट पाहायची. सहा आठवडे हे चालवा. साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पाचवा कुणीतरी आपणहून असं उत्तर देताना दिसतो. तो दिसला की तुम्ही एक पाऊल मागे या.

नवा विषय टाकायचा तर वेळ आणि आकार, दोन्ही सांभाळा. सकाळचा वेळ वाया जातो, कारण तेव्हा सुविचारांचा लोंढा असतो. रात्री साडेनऊ ते साडेदहा हा आपल्याकडचा जेवणानंतरचा वेळ चांगला. परदेशातल्यांचाही विचार करा: इथे रात्रीचे साडेनऊ म्हणजे दुबईत आठ, लंडनमध्ये उन्हाळ्यात पाच आणि हिवाळ्यात चार, न्यू जर्सीत उन्हाळ्यात दुपारचे बारा आणि हिवाळ्यात अकरा. अमेरिकेतल्याला कामाच्या दिवशी जमणार नाही, रविवारी जमेल. म्हणून शाळेचे जुने फोटो रविवारसाठी ठेवा आणि आठवड्याला एकच टाका. सगळा अल्बम एका रात्रीत ओतणं ही सर्रास होणारी चूक. चाळीस फोटो आले की कशावरच धड बोलणं होत नाही. एका फोटोतला एक कोपरा मोठा करून टाका, मागचा फळा, कुणाच्या हातातली पाण्याची बाटली, आणि विचारा, ‘हे कुठल्या वर्गाबाहेर आहे?’

प्रश्न लहान ठेवा. ‘शाळेतली सर्वात सुंदर आठवण सांगा’ याला उत्तर येत नाही, कारण माणूस आधी निबंधाचा विचार करू लागतो. ‘मधल्या सुट्टीत चिंचा कोण विकायचं?’ याला येतं. ‘आज डब्यात काय?’, ‘तुमच्याकडे पाऊस सुरू झाला का?’, ‘भरल्या वांग्यात दाण्याचं कूट संपलं, तीळ चालतील का?’ असले विषय क्षुल्लक वाटतात, पण त्यांत सगळ्यांना सारखीच जागा असते. फ्लॅट, गाडी, परदेश सहली आणि मुलांचे टक्के या विषयांत ती नसते. बारावीच्या निकालाच्या दिवशी पहिला मेसेज 94 टक्क्यांचा आला की 58 टक्केवाल्याची आई महिनाभर ग्रुप उघडत नाही. अभिनंदन जरूर करावं. तुमच्या चौघांपैकी कुणीतरी अर्ध्या तासात दुसरा विषय काढावा, म्हणजे दिवसभर तेच चालत नाही.

पकडून उत्तर देणं, म्हणजे मेसेज उजवीकडे सरकवून त्याच्याच खाली लिहिणं, हे सगळ्यांना शिकवा. ग्रुपवर एका वेळी दोन-तीन विषय चालू असतात. एकीने महाबळेश्वरचा फोटो टाकला, मिनिटभरात दुसऱ्याने लिहिलं ‘बाबांना आज अ‍ॅडमिट केलं’, आणि फोटो पाहणाऱ्याचं ‘वा! मस्त!’ त्या दुसऱ्या मेसेजखाली उतरलं. कुणाचीच चूक नाही, पण ज्याने वाचलं त्याच्या मनात ते टोचून राहतं. असं झालेलं दिसलं की लिहिणाऱ्याला ताबडतोब फोन करा. स्वतःचा मेसेज 15 मिनिटांत दुरुस्त करता येतो आणि साधारण अडीच दिवसांपर्यंत सर्वांसाठी काढता येतो. अ‍ॅडमिनलाही कुणाचाही मेसेज काढता येतो, पण तिथे अ‍ॅडमिनने काढला अशी नोंद राहते आणि माणसाला चारचौघांत ओरडा खाल्ल्यासारखं वाटतं. त्यानेच काढला तर विषय तिथेच मिटतो.

काही जण गप्प असतात त्याचं कारण फक्त टायपिंग. मराठीत लिहिता येत नाही, इंग्रजी अक्षरांत लिहायची लाज वाटते, आणि तीन शब्द लिहीपर्यंत विषय पुढे गेलेला असतो. अशांना फोन करून पाच मिनिटांत मदत करा: जीबोर्ड या गूगलच्या कीबोर्डच्या सेटिंग्जमध्ये ‘लँग्वेजेस’, मग ‘अ‍ॅड कीबोर्ड’, मग मराठी, आणि त्यात एबीसी लिहिलेला मराठीचा प्रकार निवडायचा. इंग्रजी अक्षरांत ‘पाऊस’ टाइप केलं की देवनागरीत उमटतं. ज्यांना तेही जड जातं त्यांनी कीबोर्डवरचा माइक दाबून बोलावं, चुका राहिल्या तरी चालतात. आवाजी मेसेजही चालतील, पण अर्ध्या मिनिटाच्या आतले. तीन मिनिटांचा मेसेज ऑफिसात, गाडीत, घरच्यांच्या समोर कुणी ऐकत नाही. ‘नंतर ऐकतो’ म्हणतो आणि तो तसाच राहतो.

मुलींच्या गप्प राहण्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण इथे बरेच चांगले अ‍ॅडमिनसुद्धा चुकतात. तुमच्या वयाच्या बहुतेक मराठी शाळांत मुलगे एका रांगेत, मुली दुसऱ्या रांगेत, आणि दहावीपर्यंत एकमेकांशी पाच वाक्यंही बोलणं झालेलं नसतं. म्हणजे ही ओळख पंचवीस-तीस वर्षांनंतर आता पहिल्यांदा होते आहे. एकीकडे ‘अगं’ म्हणायची सलगी, दुसरीकडे ‘तुम्ही’ म्हणायचा संकोच, आणि दोघांनाही नेमकं काय म्हणावं ते कळत नाही. त्यात ग्रुपमध्ये आल्याबरोबर आपला नंबर सगळ्यांना दिसतो. एखादीने ग्रुपवर दोन ओळी लिहिल्या आणि रात्री अकराला कुणाचा तरी खासगी मेसेज आला, ‘ओळखलंस का?’, तर त्याचा हेतू कितीही साधा असो, ती पुन्हा ग्रुपवर लिहीत नाही. घरात तिचा फोन मुलं घेतात, सासूबाईंना व्हिडिओ दाखवायला लागतो. अशा फोनवर द्व्यर्थी विनोद येऊन पडला तर तिला ग्रुप म्यूट करण्यावाचून पर्याय नसतो.

यावर करायचं ते असं. एक अ‍ॅडमिन वर्गमैत्रीणच हवी, तीही नावापुरती नको. ग्रुपच्या वर्णनात एक ओळ स्पष्ट लिहा: ‘विचारल्याशिवाय कुणीही कुणाला खासगी मेसेज किंवा फोन करू नये.’ हा नियम मोडणाऱ्याशी पुरुष अ‍ॅडमिनने बोलावं, तक्रार कुणाची ते न सांगता. द्व्यर्थी विनोद टाकणाऱ्याला ग्रुपवर झापू नका. फोन करून सांगा, ‘तुझा हा मेसेज अमक्याच्या मुलीने वाचला असेल, काढून टाक.’ बहुतेक जण लगेच काढतात, कारण त्यांच्या डोळ्यांसमोर फक्त चार मित्र असतात, बाकीचा ग्रुप नसतो. आणि मुली बोलू लागल्या की पहिल्या दिवशी ‘अरे वा, आज सूर्य कुठून उगवला!’ असलं स्वागत करू नका. जे लिहिलंय त्यालाच उत्तर द्या. बायकांचा आपला वेगळा छोटा ग्रुप असेल तर त्याचं वाईट वाटून घेऊ नका. तिथे त्या मोकळ्या होतात म्हणून इकडेही येतात.

टोपणनावांचंही तेच. शाळेत कुणाला ‘बुटक्या’, कुणाला ‘चष्मिस’ म्हणत होते. काहींना ते आजही प्रेमाचं वाटतं, काहींना नाही, आणि न आवडलेला माणूस तसं कधी म्हणत नाही. तो एक हसरा चेहरा टाकतो आणि पंधरा दिवस गायब होतो. ही खूण लक्षात ठेवा. दुखावलेला माणूस ग्रुपवर भांडत नाही, हसतो आणि निघून जातो. दोन दिवसांनी त्याला फोन करून त्या विषयावर न बोलता इकडचं-तिकडचं विचारलंत तरी पुरतं, आणि चिडवणाऱ्याला वेगळं सांगायचं.

इथवर आलात तर क्रम असा ठेवा: या रविवारी मोजणी, पुढच्या आठवड्यात तिघांना फोन, मग सहा आठवडे नुसतं उत्तर देणं. या काळात एकही नवा नियम काढायचा नाही, अपवाद फक्त खासगी मेसेजच्या त्या एका ओळीचा.

आता भांडणाकडे. ‘राजकारण बंद’ असा नियम टिकत नाही, कारण राजकारण कशाला म्हणायचं हेच प्रत्येकाचं वेगळं असतं. एकाला जे देशप्रेम वाटतं तो दुसऱ्याला प्रचार वाटतो, आणि आरक्षण, जात, पक्ष फुटणं हे विषय महाराष्ट्रात कुणाच्या ना कुणाच्या घरापर्यंत पोचतातच. टिकतं ते असं: कोण बरोबर यात अ‍ॅडमिनने पडायचं नाही, वेग मोडायचा. दोघांचे एकमेकांना उद्देशून सलग तीन-तीन मेसेज झाले आणि तिसरा कुणी मध्ये नाही, म्हणजे ठिणगी पडली. त्याच क्षणी दोघांपैकी ज्याच्याशी तुमचं जास्त जमतं त्याला फोन करा, मेसेज नको. ‘तू बरोबर आहेस की नाही ते उद्या बोलू, आत्ता फोन खाली ठेव’ एवढं पुरतं. रात्री उशिरा पेटलं आणि फोन उचलले जात नसतील तर ग्रुपच्या परवानग्यांमध्ये जाऊन मेसेज फक्त अ‍ॅडमिनना पाठवता येतील असं करा, पण आधी लिहा: ‘सकाळी आठला परत सुरू करतो.’ आणि आठला सुरू करा. वेळ न सांगता बंद केलेल्या ग्रुपमधून लोक निघून जातात.

सोडून गेलेल्याला लगेच परत घालू नका. त्याला न विचारता पुन्हा अ‍ॅड करणं म्हणजे दारातून ओढून आणणं. पंधरा दिवस जाऊ द्या, भेटा किंवा फोन करा, आणि यायचं असेल तर लिंक पाठवतो म्हणून सांगा. हल्ली कुणी ग्रुप सोडला तर सूचना फक्त अ‍ॅडमिनना जाते. सभासदांच्या यादीखाली मागच्या 60 दिवसांत गेलेल्यांची नावं दिसतात, पण तिकडे कुणी सहसा पाहत नाही. म्हणजे गेलेला माणूस गाजावाजा न होता परत येऊ शकतो. तुम्हीही त्याच्या जाण्या-येण्यावर ग्रुपवर काही लिहू नका. कायद्याची भीती तुम्हाला कुणी घातली असेल तर सांगतो: सभासदाने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी, त्यामागे दोघांचा समान हेतू नसेल तर, अ‍ॅडमिनला जबाबदार धरता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये म्हटलं आहे. पण धमकी, अश्लील चित्र किंवा दंगलीची अफवा दिसली तर ती लगेच काढा आणि टाकणाऱ्याला बाहेर काढा, तिथे फोनाफोनी नको.

फॉरवर्ड आता शेवटी, कारण तोवर ते निम्मे झालेले असतात. बंदीऐवजी एकच अट ठेवा: फॉरवर्डच्या वर स्वतःची एक ओळ हवी, ‘हे का पाठवतोय’. ज्याला ओळ सुचत नाही तो पाठवतच नाही, आणि ज्याला सुचते त्याच्या ओळीवर गप्पा होऊ शकतात. दुहेरी बाण असलेला मेसेज म्हणजे पाच किंवा अधिक हातांतून फिरून आलेला. असा मेसेज एका वेळी एकाच चॅटला पाठवता येतो, ही मर्यादा 2020 पासून आहे. औषधोपचार, मुलं पळवणारी टोळी, बँक बंद होणार, यातलं काही दुहेरी बाणासह आलं तर न थांबता विचारा, ‘हे कुठून आलं?’ सकाळच्या चित्रांची ज्यांना खरंच आवड आहे त्यांच्यासाठी ‘शुभ सकाळ’ असा वेगळा ग्रुप काढा आणि तिथला अ‍ॅडमिन त्यांच्यातलाच करा. त्यांना हक्काची जागा मिळते. फोन भरतो म्हणून जे ग्रुप उघडत नाहीत त्यांना सांगा: ‘स्टोरेज अँड डेटा’मध्ये फोटो-व्हिडिओ आपोआप उतरणं बंद करा आणि या ग्रुपची ‘मीडिया व्हिजिबिलिटी’ नको ठेवा, म्हणजे गॅलरीत काही येत नाही.

वाढदिवसाला चाळीस एकसारखे मेसेज आले की आधी चाललेली गप्पा गाडली जाते. चौघांपैकी एकाने सकाळी एकच मेसेज टाकावा, त्यात त्या माणसाची एखादी खरी आठवण असावी, आणि बाकीच्यांनी त्याच मेसेजला प्रतिक्रिया द्यावी. निधनाच्या बातमीला याच्या उलट: तिथे प्रत्येकाने स्वतः दोन शब्द लिहावेत, कॉपी केलेली श्रद्धांजली नको. अंत्यविधीची वेळ आणि जागा एका मेसेजमध्ये लिहून 24 तासांसाठी पिन करा. त्या दिवशी बाकी सगळं थांबवा आणि एखाद्याने चुकून विनोद टाकला तर फोन करून काढायला लावा. दहा-पंधरा दिवसांनी, सगळे आपापल्या कामाला लागल्यावर, त्या घरी कुणीतरी फोन करावा. हे काम कुणाचं ते त्याच दिवशी ठरवून ठेवा.

गेट-टुगेदरचं नियोजन ग्रुपवर करू नका. तारखेवर तीनशे मेसेज पडतात आणि त्यात गप्पा आणि तारीख दोन्ही हरवतात. पाच जणांचा तात्पुरता ग्रुप करा, मुख्य ग्रुपवर फक्त पोल टाका, तीन तारखांचा, एकच उत्तर निवडता येईल असा. ठरलेली तारीख 30 दिवसांसाठी पिन करा. वर्गणी कुणी दिली नाही त्यांची यादी ग्रुपवर लावू नका. ज्याला ते पैसे जड जातात तो गेट-टुगेदरलाही येत नाही आणि ग्रुपवरही बोलत नाही. विमा, प्लॉट, साड्या विकणाऱ्यांना महिन्यातला एक रविवार द्या, एक माणूस एक मेसेज.

सहा आठवड्यांनी परत मोजा. उत्तर मिळालेल्या मेसेजचा आकडा वाढला नसेल, तर बहुधा 46 जणांची ही मोट मुळातच गप्पांची नाही. असं निघालं तर मोठा ग्रुप बातम्या, निधन, लग्न, मदत यांसाठी तसाच ठेवा आणि ज्या आठ-दहा जणांचं जमतं त्यांचा वेगळा काढा. दोन्ही चालतात, दोन्हींची गरज असते. छोट्यात कुणाला घेतलं नाही याची चर्चा मोठ्यात होऊ देऊ नका. नाव साधं ठेवा, ‘खरे मित्र’ असलं काही नको. आणि आज रात्रीच आणखी दोन अ‍ॅडमिन नेमा. तुम्ही एकटेच असाल आणि कधी तुमच्याकडून ग्रुप सोडला गेला, तर व्हॉट्सअ‍ॅप उरलेल्यांपैकी कुणालाही आपोआप अ‍ॅडमिन करतं, आणि तो माणूस कदाचित महिनोन्‌महिने ग्रुप न उघडणारा असेल.